चिठ्ठ्या टाकून वसवलेली पेठ

अण्णा गेल्याचं मला केरबानं येऊन सांगितलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भोरच्या कचेरीतला मोजणीदार, लग्न न करता एकटाच राहिलेला. आणि केरबा त्याचा शेजारी, जोडे शिवणारा. आमच्या आळीच्या तोंडाशीच थांबून तो म्हणाला, “आक्का, अण्णा गेलं. म्या उशाशीच हुतो.” सख्खी बहीण मी, दोन आळ्या अलीकडे राहणारी, आणि उशाशी होता तो... हे महिनाभर टोचतं आहे, म्हणून लिहिते.

पंधराएक वर्षांपूर्वी भोरात कचेऱ्या वाढल्या, आंबवड्याकडून, वेल्ह्याच्या डोंगरातून माणसं राहायला येऊ लागली, आणि नदीकडच्या माळावर नवी पेठ वसवायचं ठरलं. अण्णानं जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं घरं आखली. धुक्याच्या सकाळी मी त्याचा डबा घेऊन जायची, तेव्हा तो मला त्या पांढऱ्या रेघांमधून फिरवायचा. हे दार, ही ओसरी, इथं सगळ्यांचा मिळून एक आड. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं. धुक्यात रेघा तरंगल्यासारख्या दिसायच्या आणि वाटायचं, कुणाच्याही घरातून कुणाच्याही घरात आपण असंच चालत जाऊ... जागा जातवार न देता चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, हे वरिष्ठांच्या गळी त्यानंच उतरवलं होतं.

चिठ्ठ्या निघाल्या, आणि आठवडाभरात पेठ पुन्हा जुन्या गावासारखी झाली. कुणी जबरदस्ती केली नाही. जो तो चिठ्ठी घेऊन आपल्या माणसांशेजारची जागा शोधत हिंडला आणि बदलून घेत गेला. वेल्ह्याकडच्या एका म्हातारीनं तर अण्णाला सुनावलं, “आमच्या सुना पान्याला कुनासंगं जायच्या? तुमच्या त्या मोजायच्या साखळीसंगं?” तिचंही अगदीच खोटं नव्हतं.

केरबाच्या शेजारची चिठ्ठी आमची होती. ती कुणी बदलून घेईना. घरात दोन मुली उजवायच्या, सासूबाईंचं सोवळं. मी अण्णाकडे गेले आणि काहीतरी खटपट कर म्हणाले.

“केरबा वाईट माणूस आहे का गं?” त्यानं विचारलं.

“नाही. पण स्थळं बघायला येणारे शेजार बघतात.”

त्यानं वाद घातला नाही. त्याची स्वतःची चिठ्ठी आमच्या लोकांच्या मधोमध निघाली होती. ती त्यानं माझ्या हातात ठेवली आणि माझी घेतली. एवढंच म्हणाला, “पेठ मोडायला परकं कुणी लागलं नाही बघ.” पुढे मुलींची लग्नं चांगल्या घरी झाली. त्या चिठ्ठीचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे मात्र मी सणावारीच जात राहिले, तेही उभ्या उभ्या.

तेरावं झाल्यावर घर आवरायला गेले, तेव्हा प्रथमच मागच्या बाजूला निवांत उभी राहिले. अण्णाच्या आणि केरबाच्या अंगणांमध्ये कुंपण नाही. हद्दीचा एक दगड तेवढा आहे, अण्णानंच रोवलेला, आणि त्याचा माथा गुळगुळीत झालेला. रोज सांजच्याला त्या दोघांपैकी एक जण त्यावर बसायचा, दुसरा खाली मातीत. केरबा म्हणाला, “दगड त्येंचा का माजा, आमी कदी इचारलंच न्हाई.”

त्या घरी राहायला जाईन की नाही, अजून ठरवलेलं नाही. दिवा लावायला मात्र रोज जाते आणि घटकाभर त्या दगडावर बसते. केरबा पलीकडे जोडा शिवत असतो. उन्हं उतरून गेल्यावरही तो दगड बराच वेळ कोमट राहतो...