गुडघ्यावर चालणाऱ्या बाई

२०२२ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो आणि निपाणीच्या चहूअंगाला माझ्यासारखा गवंडी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरत होतो. काकतीला माझ्या हातच्या पायऱ्या आहेत, गुंजीला स्टेशनापाशी एक घर आहे, सदलग्याला तर एका गल्लीत पाच घरं आहेत. सगळं नजरेनं केलेलं. बाकीचे गवंडी फरशी बसवताना पाण्याची नळी धरून पातळी बघतात. मी एक डोळा मिटायचो, वाकायचो, आणि सांगायचो तेच खरं. त्या वर्षी मात्र उजव्या डोळ्यापुढं ताक ओतल्यासारखं पांढरं दिसायला लागलं होतं. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. गवंड्याचा डोळा गेला म्हटल्यावर मागं उरतं काय?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आमच्या गावच्या मराठी शाळेच्या कमिटीनं मला बोलावणं धाडलं. पहिलीच्या वर्गाची मागली अर्धी जमीन उखडली होती. तिथं शहाबादी फरशी घालायची, आणि पोरांना लिहायला मागच्या भिंतीला खालच्या अंगाला काळा पट्टा करायचा. सोमवारी सकाळी मी दारात जाऊन उभा राहिलो. आत तेवीस पोरं, पण बाई कुठं दिसेनात. मग त्या काळ्याभोर डोक्यांत एक पांढरा अंबाडा हलताना दिसला. बाई गुडघ्यावर चालत होत्या. या पोराकडून त्या पोराकडं, साडीचा पदर खोचून, हातात खडू. वय साठीला टेकलेलं, आणि बाई रांगणाऱ्या पोरागत वर्गभर फिरत होत्या. साडी गुडघ्यावर झिजून जाळी झाली होती.

"बाई, पोरं कवा भाईर काढतासा?" मी विचारलं.

"कशाला काढू?"

"काम हाय न्हवं."

"मग मीबी कामच करतीय की, आण्णा."

दुसरी रिकामी खोली नव्हतीच. एकीत पोरांच्या जेवणाचा तांदूळ आणि डाळ, बाकीच्यांत वरचे वर्ग. बाईंनी खडूनं खोलीच्या मधोमध रेघ ओढली. "पोरांनो, ही नदी. पलीकडं मेस्त्री आज्जा, अलीकडं आपण. नदीत पाय घालायचा न्हाय."

"बाई, नदीत मगर हाय?" समर्थ नावाचा एक नुसता उड्या मारणारा पोरगा होता, त्यानं विचारलं.

"ते पलीकडच्यास्नी इचार."

मी डोळे वटारले. पोरं खिदळली. आठवडाभर मीच मगर होतो.

बाईंचं नाव कमल. माहेरची भाषा कानडी. हजेरीच्या आधी त्या डोकी मोजायच्या, तेही पुटपुटत, "ओंदु, एरडु, मूरु." मी खोचकपणे म्हणालो, "मराठी शाळेत कानडीत मोजतासा व्हय?" त्या म्हणाल्या, "मोजायला माझ्या आईची भाषा, शिकवायला ह्यांच्या आईची. दोघींचा मान राखतीय."

माझ्या हाताखाली माल कालवायला धाकटी सून होती, रेखा. पोरगी कामाला वाघीण, फक्त तोंड बंद ठेवत नाही. खडी पसरून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, नळी आणलिया. लावून बगूया का एकदा?"

"गप माल कालव," मी म्हणालो. "तुझ्या जन्माआधीपासनं फरशी घालतोय."

माझं लक्ष मात्र फरशीपेक्षा रेघेपलीकडंच जास्त. त्या दिवशी बाईंनी उखडलेल्या जमिनीचे खडे पोरांना वाटले आणि म्हणाल्या, "मला सात दावा." मला वाटलं, सात म्हणजे सात, त्यात दावायचं काय? पण कुणी पाच आणि दोनाचे ढीग केले, कुणी आळं केलं, एकानं तीन, एक, तीन असा बैलगाडीसारखा आकार केला. बाई गुडघ्यावर प्रत्येकाकडं गेल्या आणि प्रत्येकाला तेच विचारलं, "तुझं सात कसं झालं रं?" तेवीस वेळा. तेविसाव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच कौतुकानं. मी जन्मभर विटा रचल्या, पण एक वीट रचून दुसरी घेताना असा नव्यानं हरखलो नाही. हातातली थापी तशीच धरून किती वेळ उभा होतो, ते रेखालाच ठाऊक.

"गुडघं दुखत न्हाईत का?" मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"दुखत्यात की. पण उभं ऱ्हायलं की पोरांची डोकी दिसत्यात, डोळं दिसत न्हाईत. आणि शिकवायचं तर डोळ्यांस्नी."

मी दुसरीतच शाळा सोडली. आमच्या मास्तरांच्या हातात छडी असायची. चूक झाली की छडी, म्हणून मी चूक लपवायला शिकलो. शाळेतलं तेवढं एकच शिक्षण माझ्यात पक्कं बसलं होतं.

बुधवारी फरशी बसून झाली. मंगळवारी रेखानं परत नळीचं नाव काढलं होतं, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. बुधवारीच बाईंनी माझा ओळंबा मागितला. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला बांधलेलं जे लोखंडी वजन असतं, ते. मी कुणाच्या हाती देत नाही, पण दिला. बाईंनी तो आढ्याच्या खिळ्याला टांगला आणि जरासा ढकलला. "कुणी बोलायचं न्हाय. थांबला की हात वर." तेवीस पोरं, त्यातला समर्थसुद्धा, श्वास धरून बघत बसली. बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर सुरू होता, आत ओळंबा हलत होता. मला तो केव्हाचा थांबलेला दिसत होता. पोरांचे हात मात्र खालीच.

मग एक हात वर आला. तनूचा. वर्गातली सगळ्यात बुटकी पोरगी, जूनपासून वर्गात मोठ्यानं एक शब्द बोलली नव्हती, असं बाईंनी मला सांगितलं होतं.

"कशावरनं थांबला गं?"

"सावली थांबली," तनू म्हणाली. "आधी ह्यो थांबल्यागत दिसतो, पण सावली हलती. ती थांबली की खरं."

बाई गुडघ्यावर सरकत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिच्या शेजारी बसून सावलीकडं बघत राहिल्या. पन्नास वर्षं मी ओळंबा धरला, त्याच्या सावलीकडं कधी बघितलं नव्हतं. आणि आता बघावं म्हटलं तर भिंतीवर मला सावलीच दिसत नव्हती. नुसतं ताक.

शुक्रवारी काळा पट्टा. मी माझ्या मांडीइतकी उंची धरून खूण केली. बाई म्हणाल्या, "थांबा आण्णा," आणि नव्या फरशीवरनं गुडघ्यावर चालत भिंतीपाशी आल्या. तनूला हाक मारली, तिचा हात भिंतीला लावला. "इथनं धरा."

"मग उंच पोरांचं काय?"

"उंचाला वाकता येतंय. बुटक्याला ताणून वाढवता येत न्हाय." मी पट्टा वीतभर खाली घेतला. भिंतीकडं येताना मधेच त्या एका जागी क्षणभर थांबल्या होत्या, हात टेकून. मला वाटलं, गुडघा दुखला असेल.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला पोरांनी नव्या फरशीवर बसायचं ठरलं होतं आणि मलाही बसवून घेतलं. बाईंचा शनिवारचा शेवटचा तास चुकांचा. एका डब्यात गोट्या असायच्या. ज्याची पाळी त्यानं एक गोटी घ्यायची, उभं राहून आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सगळ्या वर्गानं विचारायचं, "मग आता?" त्यानं सांगायचं आणि गोटी पितळी तांब्यात टाकायची. नियम एकच, आपली चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. बाई म्हणायच्या, "चूक पोटात ठिवली तर कुजती, रानात टाकली तर खत हुती."

पण त्या दिवशी समर्थ डबा घेऊन पळत आला आणि डबा निसटला. गोट्या सगळीकडं उडाल्या. उडाल्या, आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारख्या सगळ्या वळल्या आणि आतल्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींना चिकटून बसल्या. एकही मागं राहिली नाही.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "परत टाका, परत टाका!"

"का गेल्या तिकडं?" बाईंनी विचारलं. त्यांना हे विचारल्याशिवाय चैनच पडत नसे.

तनूचा हात वर. "फरशी तिकडं उतरती हाय."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. "फरशीला काय धाड भरलिया?" मी ओरडलो. "गोटी गोल असती, ती पळणारच! पन्नास वर्षांत माझ्या फरशीला कुणी नाव ठेवलं न्हाय!"

दारात रेखा उभी होती, तिनं मान खाली घातली. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. गोट्या गोळा करा. तास सुरू करूया."

पहिली गोटी त्यांनीच घेतली. "मंगळवारी मी प्रणवला म्हणाले, तू फरश्या चुकीच्या मोजल्यास. मीच चुकले होते." "मग आता?" सगळी ओरडली. "आता मी दोनदा मोजून मग बोलीन." टण्. समर्थनं डबा पाडल्याचं सांगितलं. कुणी ताईची पेन्सिल चावली होती, कुणी नऊ उलटा काढला होता. टण्, टण्.

मग तनू उठली. गोटी मुठीत घट्ट धरलेली. "मी आज्जाची चूक सांगितली. आपलीच सांगायची असती."

"मग आता?" पोरांनी विचारलं, जरा हळू आवाजात.

"आता न्हाय सांगणार."

टण्. ती जाऊन आपल्या जागेवर बसली, भिंतीकडं तोंड करून. तिची जागा त्याच आतल्या कोपऱ्यात होती. पुढच्या पावसाळ्यात कौलं गळली असती, तर अख्ख्या खोलीचं पाणी त्या पोरीच्या बुडाखाली येऊन साठलं असतं. आणि ती काही बोलली नसती. बोलायचं नाही, हे तिला मी शिकवलं होतं. बाईंना जे पाच महिन्यांत जमत आलं होतं, ते मी एका ओरडण्यात मोडलं होतं.

मी बाईंकडं बघितलं. त्या गुडघ्यावर होत्या, मी खाली बसलेलो, त्यामुळं आमचे डोळे एका पातळीत आले होते. त्यांनी डबाही पुढं केला नाही की खूणही केली नाही. त्या नुसत्या वाट बघत होत्या, ओळंबा थांबायची बघितली होती तशी.

"आणा हिकडं एक गोटी," मी म्हणालो.

गोटी घेऊन मी उभा राहिलो. "सुनेनं दोनदा सांगितलं, नळी लाव. मी लावली न्हाय. फरशी चुकलिया. तनूचं बरोबर हाय."

"मग आता?"

तेवीस पोरांनी एका दमात विचारलं. माझ्या मास्तरांनी कायम "का चुकलास?" विचारलं होतं. "मग आता?" असं मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्या दोन शब्दांपुढं लपवायला काही राहतच नाही.

"आता उखडणार," मी म्हणालो. "उद्याच." टण्. तनूनं मान वळवून बघितलं.

बाईंनी तांब्या हलवून दाखवला. "भरला. म्हंजे हा आठवडा वाया गेला न्हाय. कायतरी केलं, म्हणून चुकलं."

पोरं गेल्यावर मी त्यांना विचारलं, "तुमास्नी ठावं हुतं?"

"कालच कळलं. गुडघ्याला उतार कळतोय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"शनिवार यायचा हुता की अजून," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

दीड वर्षानं त्या निवृत्त झाल्या आणि बेळगावला मुलाकडं गेल्या. निरोपाच्या दिवशी कमिटीनं खुर्ची ठेवली होती, शाल होती. बाई खुर्चीवर टेकल्या, भाषण ऐकलं, आणि पोरांनी हाक मारल्याबरोबर खाली उतरून गुडघ्यावर त्यांच्यात गेल्या. तनू तेव्हा दुसरी संपवून बसली होती आणि आभाराचे चार शब्द तिनंच मोठ्यानं म्हटले. बाईंना त्यानंतर मी बघितलेलं नाही. माझ्यापेक्षा शिकलेली माणसं मी पुष्कळ बघितली, त्यांच्यापुढं मान वाकवली नाही. या बाईपुढं मला ती वाकवावी लागली नाही, आपसूक वाकली.

पण त्या गोट्यांच्या शनिवारी घरी जाऊन मी जेवलो नाही. रविवारी सकाळी रेखाला घेऊन शाळेत गेलो. तनूच्या कोपऱ्यातली पहिली फरशी पहारीनं उचलली, मग दुसरी, मग सगळी ओळ. खडी परत पसरली. रेखा नळीचं नाव न काढता माल कालवायला बसली, तेव्हा तिनं कोनाड्यात ठेवलेली नळी मीच काढली, पाण्यानं भरली. एक टोक मी भिंतीला धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "पाणी कुठं थांबलंय ते तू बग पोरी. मला दिसत न्हाय."