आढी कुणी सडवली

यंदा धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं होतं. धोंड्याचं जेवण म्हटलं की पुरणाचे धोंडे आणि आमरस आलाच. म्हणून बांधावरच्या झाडाचे गावरान आंबे मी जरा घाईनेच उतरवले आणि मागच्या खोलीत गवताचे थर देऊन आढी घातली. आंबे हिरवे, दगडासारखे. जेवणापर्यंत पिकतील की नाही, हा एकच घोर मला लागला होता.

आमच्या घरात नियम होता. बाई पाळीमुळे बाजूला बसलेली असेल तर तिने आढीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर आंबे सडतात. मला हे सासूने सांगितलं, मी सुनेला सांगितलं. का सडतात, हे मी सासूला कधी विचारलं नाही आणि सुनेने मला विचारलेलं मला चाललं नसतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण न विचारण्याचा शाळेशी संबंध नाही. घरात एखादी तरी खोली अशी असावी जिथे आपलाच हुकूम चालतो, असं म्हातारीला वाटतं. मला वाटत होतं.

आढी घातली आणि मधेच वावधान सुटलं. वाऱ्याने झाडाखाली आंब्यांचा सडा पडला. त्यात बरेच पाडाचे होते, म्हणजे झाडावरच पिकलेले. काही पोपटाने टोचलेले, काही आपटून फुटलेले. पाडाचा एक आंबा आढीत ठेवला की बाकीचे लवकर पिकतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मी म्हटलं, एकाने जे होतं ते पाटीभर आंब्यांनी आणखी जल्दी होईल. सगळी पाटी खिडकीकडच्या कोपऱ्यात रिकामी केली आणि वर गवत लोटलं. सून तेव्हा बाजूला होती. उंबऱ्याच्या बाहेरून म्हणाली, "आत्याबाई, फुटके तरी नका ठेवू."

"तू तिकडं हो आधी. दारात कशाला आलीस?"

ती गेली.

जेवणाच्या दिवशी सकाळी आढी उघडली तर खोलीत आंबूस वास. खिडकीकडचा सगळा कोपरा सडलेला. हात घातला तर बोटं आत जात होती. दुसऱ्या बाजूचे आंबे चांगले होते, रसापुरते निघालेही. पण माझं डोकं फिरलं होतं. मी तशीच वसरीत आले. लेक आणि जावई नुकतेच येऊन बसले होते. सुनेची पोर, माझी नात, त्यांना पाणी देत होती. सून पुरणाच्या हातानेच बाहेर आली.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू त्या दिवशी खोलीत गेल्तीस. खरं सांग."

"न्हाई गेले."

"मी दारात पाह्यलं तुला. आढी सडली अर्धी. जावयाच्या ताटात काय वाढू, तुझं तोंड?"

जावई खाली बघत होते. लेक म्हणाली, "आई, जाऊ दे ना आता." मी जाऊ दिलं नाही. बोलत राहिले. मग सून एकदम म्हणाली, "हो, गेल्ते. चुकून गेल्ते. आता ताटं वाढू का?"

"तू वाढू नको," मी म्हटलं. "रसाला तर हातच लावू नको."

पहाटेपासून धोंडे तिने केले होते. वाढले लेकीने. माझा मुलगा जालन्याला कारखान्यात कामाला असतो, त्याला सुट्टी नव्हती, म्हणून मधे बोलणारं कुणी नव्हतं. नात काहीतरी बोलायला निघाली होती. तिच्या आईने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

नात सायन्सला आहे, भोकरदनला एस.टी.ने जाते. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिने झाकणाचे दोन डबे घेतले. विहिरीत टाकायचं लाल औषध पाण्यात कालवलं, त्यात खडू बुडवून जांभळे केले. एका डब्यात खडू आणि कच्ची कैरी ठेवली, दुसऱ्यात खडू आणि पाडाचा आंबा. खडू आंब्याला लागू नये म्हणून वाटीत ठेवले. झाकणं लावली.

"हे काय करू राह्यलीस? आंबे वाया घालवतीस."

"उद्या बघ, आजी."

दुसऱ्या दिवशी तिने डबे माझ्यासमोर उघडले. कैरीजवळचा खडू होता तसा जांभळा. पाडाजवळचा तपकिरी पडलेला, जुन्या रक्ताच्या डागासारखा.

"पिकता आंबा गॅस सोडतो," ती म्हणाली. "इथिलीन. त्या गॅसनेच शेजारचे आंबे पिकतात. मंग ते बी गॅस सोडतात. वासातल्या दुसऱ्या गोष्टींनी बी खडूचा रंग थोडा जातो, पण मुख्य हा."

"अन् रंग कशानं जातो?"

ती माझ्यासमोर उभी राहिली, माझे दोन्ही हात धरले, फुगडीला धरतात तसे. "कार्बनचे दोन कण असे दोन हातांनी धरलेले असतात. याला दुहेरी बंध म्हणतात. एक हात धरलेला पक्का असतो. दुसरा कच्चा. बाहेरून कुणी आलं की हा सुटतो." तिने माझा एक हात सोडला. "आता तुझा एक हात मोकळा, माझा एक मोकळा. दोघी बाहेरच्याला धरू. पण आपण तुटलो न्हाई, दुसरा हात आहेच. लाल औषधाशी असंच होतं, मंग त्याचा रंग राहत न्हाई. अन् बाहेरचं कुणी नसलं तर हेच कण मोकळ्या हाताने एकमेकांना धरत जातात, लांबच लांब. कारखान्यात असं करून त्याची प्लास्टिकची पन्नी बनवतात."

"पन्नी? आपली बाजाराची?"

"तीच."

"मंग पन्नीत ठेवलेले आंबे तिच्या गॅसनं का पिकत न्हाईत?"

"पन्नीत गॅस राह्यलाच कुठं? तिचे सगळे हात गुंतलेले." ती हसली, मग हसायची थांबली. "आजी, यात बाईचा विटाळ कुठं बसतो, तू दाखव मला. कोणत्या हातात?"

मी तिच्या हातातला हात सोडवून घेतला.

"खिडकीकडं पाटीभर पाड कुणी टाकले? फुटके?"

मी टाकले होते. गॅस एकाच कोपऱ्यात कोंडला, तिथले आंबे पिकून उतरले, आणि फुटक्यांची सड त्यांना लागली. हे समजायला मला सायन्स लागलं नसतं. सुनेने ते उंबऱ्याबाहेरून एका वाक्यात सांगितलं होतं. आणि तरी वसरीतला माझा तमाशा थांबावा म्हणून न केलेलं कबूल केलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. सून भांडी लावत होती. म्हटलं, "आढी माझ्यामुळं सडली."

"बरं," ती म्हणाली. वळली नाही.

नात दारात उभी होती. "आजी, आरोप वसरीत केलास, अन् कबुली चुलीपाशी?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नको," असं म्हणून मी तिला गप्प केलं. मला लाज वाटत होती, पण जावयासमोर लहान व्हायची तयारी नव्हती. आधीच्या चुकीहून ही चूक वाईट होती, कारण आता मला सगळं माहीत होतं.

तीनेक आठवड्यांनी, झाडावर राहिलेले आंबे उतरवून दुसरी आढी घातली होती तेव्हा, लेकीचा फोन आला. माझ्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. सून तिथेच गहू निवडत होती. लेक हसत म्हणाली, "दुसरी आढी नीट आहे ना? वहिनीला लांबच ठेव गं आढीपासून. आमच्या सासूबाईंना बी सांगितलं मी, त्यांनी तोंडालाच हात लावला."

सुनेचा हात सुपात थांबला. परक्या घरात तिची गोष्ट झाली होती, आणि ती मी केली होती.

"जावईबापूंना फोन दे," मी म्हटलं.

"काय झालं?"

"दे."

जावई फोनवर आले. मी म्हटलं, "आढी मी सडवली. फुटके पाड मी टाकले होते. ती खोलीत गेलीच न्हाई. तुमच्यासमोर बोलले म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या आईला बी सांगा."

ते हसले. "मामी, सोडा हो. रस एकदम गोड होता."

"रसाचं न्हाई विचारलं मी. सांगाल का?"

"सांगतो," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत.

मी फोन ठेवला. सुनेकडे बघायची हिंमत होईना, म्हणून गव्हाकडे बघत होते. ती पुन्हा निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, "आढीतले आंबे खालीवर करायला पाह्यजेत आज."

"तू कर," मी म्हटलं.

"मी बाजूला आहे, आत्याबाई."

मला ठाऊक होतं. "म्हणूनच म्हणते," मी म्हटलं.

ती उठली नाही. गहू संपेपर्यंत निवडत राहिली. मग सूप भिंतीला टेकवून मागच्या खोलीकडे गेली. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.