एजन्सीची बाई

बंद दाराच्या फटीतून एक वास येत होता. कुजलेल्या लसणाचा म्हणावा तर तसा, गंजलेल्या ओल्या लोखंडाचा म्हणावा तर तसाही. गोदामाच्या आवारात हरभऱ्याचा कोरडा, ऊबदार गंध नेहमीच भरून असायचा. त्याची मला इतकी सवय झाली होती की तो जाणवेनासा झाला होता. पण त्या वैशाखी दुपारी, पत्रे उन्हाने तडतडत असताना, त्या ओळखीच्या गंधाच्या तळातून हा परका वास वर आला आणि मी ओढणी नाकाशी धरून दोन पावलं मागे सरले. विषालाही स्वतःचा असा एक संकोच असतो का? ते आधी हळूच दार ठोठावतं, मग आत येतं. ज्याने ती पहिली थाप ऐकली नाही, त्याचं पुढे काय होतं, हे सांगायला तो स्वतः उरत नाही.

शेलूबाजारच्या थोडं पुढे, महामार्गाला लागून ते गोदाम होतं. धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्प्यांवर प्लास्टिकची आवरणं ओढून आत गोळ्या ठेवतात. त्या गोळ्यांचा वायू होतो, कीड मरते, आणि माणूस आत गेला तर त्यालाही तो वायू वेगळा ओळखत नाही. औषध मारायला आलेला माणूस जाताना मला बजावून गेला होता, "सात दिवस दार उघडायचं नाई. आठव्या दिवशी उघडून निस्ता वारा खेळू द्याचा. मंग मानूस." त्याने दारावर खडूने तारीखही लिहून ठेवली होती. मी म्हणते ती दुपार चौथ्या दिवसाची.

आणि चावी माझ्याकडे होती.

माझ्याकडे ती कशी आली, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी मराठीची एम.ए., बी.एड. सहा वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासावर शिकवलं. दर जूनमध्ये वाट पाहायची, दर मार्चमध्ये निरोप घ्यायचा. मुलाखती दिल्या त्या तर मोजण्यापलीकडच्या. माझं आडनाव ऐकून क्षणभर थांबणारी, मग कागदांत काहीतरी शोधू लागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्या क्षणभराच्या थांबण्यात एक अख्खा इतिहास असतो, आणि तो उमेदवाराने निमूटपणे ओलांडायचा असतो. मग कुणीतरी मला मंगरुळपीरच्या बस स्टँडसमोरची एक एजन्सी सांगितली. मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा आणि गजाननभाऊ. ते गोदामांना, कचेऱ्यांना, दवाखान्यांना माणसं पुरवायचे. त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले. कॉम्प्युटर येते काय? जीपनं जाणंयेणं जमन काय? कधीपासून येता? पाचव्या दिवशी मी कामावर होते.

त्या सोपेपणाचं मोल ज्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली त्यालाच कळेल. शिफारस नाही, देणगी नाही, कुणाच्या मामाचा फोन नाही. ज्या दारांवर मी डोकं आपटून घेतलं होतं, त्यांच्या शेजारी एक छोटी खिडकी इतके दिवस उघडीच होती, हे पाहून मला हसू आलं आणि रागही आला. गोदामात मी धान्याची ओल मोजायला शिकले, थप्प्या लावून घ्यायला शिकले, ट्रकवाल्यांशी कणखर आवाजात बोलायला शिकले. दुसऱ्या उन्हाळ्यात गोदामाची चावीही माझ्याकडे आली होती, आणि हे काम मला आवडू लागलं होतं. धान्य खोटं बोलत नाही.

पण खिडकीतून आत आलेल्या माणसाला घरात कुठे बसायचं, ते कुणी सांगत नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर एजन्सीचं नाव होतं, खुर्ची गोदामाची होती. सुट्टी मागितली की गोदामाचे साहेब म्हणायचे एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणायची साहेबांना विचारा. तिथल्या एका जुन्या चौकीदाराच्या निरोप समारंभात सगळे फोटोसाठी उभे राहिले. मीही केस सारखे करून कडेला उभी राहिले, तेव्हा साहेबांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही काढा." मी काढला. चांगला आला तो फोटो. त्यात सगळे हसताहेत. मी दिसत नाही, पण सगळ्यांची नजर माझ्याकडेच आहे. आवारात माझं नाव 'एजन्सीची बाई' असंच होतं.

तर त्या चौथ्या दिवशी दुपारी तीन ट्रक येऊन उभे राहिले. हरभरा विकला गेला होता आणि तो त्याच दिवशी निघायला हवा होता. पाठोपाठ गजाननभाऊंनी पाठवलेले सहा हमालही जीपने आले. त्यांचे मुकादम वानखडेकाका, पन्नाशी उलटलेले, खांद्यावर गमछा, बोलणं थोडकं. साहेब कचेरीतून बाहेर आले.

"मॅडम, कुलूप काढा."

"सर, आज चौथाच दिवस आहे."

"मला दिवस मोजता येतात. दोन्ही दारं उघडू, तासभर वारा लागू देऊ, मग माणसं घालू. वरून सारखे फोन येताहेत मला."

साहेब दुष्ट नव्हते, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. निवृत्तीला वर्ष उरलेले, वरच्यांच्या आवाजाला घाबरणारे, घरी नातवंडांत रमणारे गृहस्थ. संकटं काही दुष्ट माणसांचीच वाट पाहत बसत नाहीत. घाईत असलेला भला माणूस त्यांना पुरतो. मी म्हटलं, "सर, फटीतून वास येतोय. तरी उघडायचंच असेल, तर तुम्ही तसं लिहून द्या." माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, नवलाने. "एजन्सीच्या माणसाला लिहून द्यायचं असतं का कधी?"

त्यांनी माझ्यासमोरच गजाननभाऊंना फोन लावला आणि मग तो मला दिला. "ताई," पलीकडून आवाज आला, "साहेब म्हनतात तसं करा ना. कायले वाद वाढवून राह्यल्या?"

"भाऊ, आत गॅस आहे. आत जाणारी सहाही माणसं तुमचीच आहेत."

मग ते म्हणाले, "थांबा. येतो मी."

मंगरुळपीरहून मोटरसायकलने यायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाचं मी काय वर्णन करू? चौकीदाराच्या खोलीच्या सावलीत मी उभी होते, चावी मुठीत, मूठ घामाने निसरडी. दुसरी चावी होती ती वाशिमच्या कचेरीतल्या कपाटात. साहेब येरझाऱ्या घालत होते. ट्रकवाले मोठ्याने हसत होते, आणि ते हसणं माझ्यावरच आहे असं मला वाटत होतं. पण मला खरी भीती वाटली ती वानखडेकाका उठून माझ्याकडे आले तेव्हा.

"ताई, आमी काय लहान पोरं हाव? तोंडाले गमछा बांधून जाऊ. असं लय डाव केलं."

"काका, त्याला गमछा अडवत नाही."

"तुमचं बरं हाय. गाड्या भरल्या काय अन् नाई भरल्या काय, तुमाले महिना भेटते. आमचा रोज त बुडून राह्यला ना."

ज्यांच्यासाठी मी दार अडवून उभी होते, त्यांनाच ते दार उघडून हवं होतं. माझा हट्ट त्यांच्या चुलीवरून जात होता. एकाच एजन्सीने आम्हा दोघांना आणलं होतं, पण तिने मला महिन्यावर बांधलं होतं आणि त्यांना दिवसावर, आणि त्या एवढ्याशा फरकाने आमचं धैर्यही वेगळं करून टाकलं होतं. उपाशी माणसाला जपून राहा म्हणण्याचा अधिकार नेमका कुणाला असतो? मी मान खाली घातली. आणि खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं, त्या क्षणी मला मनापासून वाटलं की कुणीतरी पुढे येऊन ही चावी माझ्या हातातून हिसकावून घ्यावी. म्हणजे मी सुटेन. दोषही माझा नाही, नोकरीही माझीच. मी कुणी धीराची बाई नव्हते. चावी हिसकावण्याइतकं कुणी माझ्याजवळ आलं नाही, एवढंच.

गजाननभाऊ आले. कुणाशी न बोलता ते थेट दाराकडे गेले, खडूची तारीख वाचली, फटीशी वाकले आणि झटकन मागे झाले. मग साहेबांना घेऊन ते चिंचेखाली गेले. दोघांचं काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. साहेबांचा हात दोन-तीनदा माझ्या दिशेला झाला, तेवढं दिसलं. परत आल्यावर भाऊ आधी हमालांकडे वळले.

"वानखडे, पोरं घेऊन चला. मंगरुळात सोयाबीनची पोती उतरवाची हायेत, तिकडं लावतो तुमाले. आजचा रोज नाई बुडत."

माणसं उठली, गमछे झटकले आणि जीपकडे निघाली. मग भाऊ माझ्याकडे आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, चावी साहेबाले देऊन टाका. उद्यापासून इकडं येऊ नका."

"आणि मी दिल्यावर त्यांनी उघडलं तर?"

"आत जायाले मानूसच ठेवला नाई मी. कोन उघडते?" ते थोडे थांबले. "साहेब तुमच्या जागी दुसरा मानूस मागून राह्यले. एक डाव नाई म्हनलं मी आज. दुसऱ्यांदा नाई म्हनाले गेलो त कंत्राटच जाते."

मी चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मान वर केली नाही. दोन उन्हाळ्यांची नोकरी एका वाक्यात संपली. कागद नाही, नोटीस नाही, कारण नाही. जितक्या सहज ती मिळाली होती तितक्याच सहज गेली. सुलभतेला दोन्ही बाजूंनी धार असते, हे मी तोवर ऐकून होते. त्या संध्याकाळी जीपमध्ये कोंबून बसताना ते मला बोचत होतं. ज्या माणसाने मला काढलं, त्यानेच सहा जीव बाजूला काढले होते. त्याच्यावर रागवावं की त्याचे आभार मानावेत? मंगरुळपीर येईपर्यंत माझं ठरलं नाही, आजही ठरलेलं नाही.

तीन आठवडे मी घरात होते. मग गजाननभाऊंचा फोन आला. मंगरुळातल्याच एका कचेरीत माहिती भरण्याचं काम होतं, येता काय? मी गेले. अजून तिथेच आहे, अजून एजन्सीचीच आहे.

चार महिन्यांनी वाशिमहून येताना एसटीत वानखडेकाका भेटले. शेजारी बसले. मग म्हणाले, "आठव्या दिवशी उघडलं गोदाम. एक दिवस वारा देल्ला, मंग आमीच गाड्या भरल्या. कोनालेच काई झालं नाई."

"बरं झालं."

"त्या दिवशी मले तुमचा लय राग आल्ता." खिडकीबाहेर काळ्या रानांत सोयाबीन पिवळं पडायला आलं होतं. "ताई, खरंच काई झालं असतं काय हो?"

किती साधा प्रश्न! आणि मी त्यावर किती रात्री जागले होते. घडलेल्या संकटाची साक्ष सगळं गाव देतं. टळलेल्या संकटाला साक्षीदार नसतो. कदाचित तासाभराच्या वाऱ्याने सगळं निवळलंही असतं. कदाचित मी उगाचच नोकरी घालवली. "मले माईत नाई, काका," मी म्हणाले. माझ्याकडे तेवढंच खरं होतं.

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना पटण्याजोगं होतं. मग म्हणाले, "माही पोरगी बी एजन्सीत नाव टाकून राह्यली. मी तिले म्हनलं, आधी त्या ताईले इचार."

रविवारी ते तिला घेऊन घरी आले. प्रतीक्षा तिचं नाव. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, डोळे चटपटीत. ओसरीवर बसून आम्ही तिचा फॉर्म वाचला, ओळीवर बोट ठेवून. मी माझा फॉर्म असा वाचला नव्हता. उभ्याउभ्या सही करून मोकळी झाले होते, कारण न वाचण्यात एक आशा असते. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. 'एजन्सी सांगेल त्या ठिकाणी, सांगेल ते काम.'

"ताई, सांगेल ते म्हंजे कोनतं?"

मी तिला गोदामाची गोष्ट सांगितली. वडिलांसमोरच सांगितली; काकांनी मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंग सही करू का नको?"

"कर," मी म्हणाले. "मला कुणी दारात उभं केलं नाही, तेव्हा यांनी पाचव्या दिवशी खुर्ची दिली, हेही खरं आहे. पण काम ते देतात, नाही म्हणायचं बळ ते देत नाहीत. ते फॉर्मात कुठे छापलेलं नसतं."

मग तिने मोबाइल उचलला आणि सरळ गजाननभाऊंना फोन लावला. "भाऊ, मी वानखडेची प्रतीक्षा बोलून राह्यली. फॉर्मात 'सांगेल ते काम' लिवलं हाय. ते कोनतं कोनतं, ते सांगा बरं." वानखडेकाकांनी गमछ्याने तोंड पुसलं, अंमळ जास्तच वेळ. मग भाऊंचा आवाज आला, आधी वैतागलेला, नंतर हळूहळू सावकाश होत गेलेला, आणि प्रतीक्षा फोन खांद्याशी धरून एकेक काम त्या छापील ओळीच्या बाजूला, समासात, पेनाने लिहीत गेली. जागा पुरेना, तेव्हा तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचं लिहायला घेतलं.