धाकट्याचा टाक

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि मी मोठी पातेली पालथी घालते न घालते तोच आईने विषय काढला. "या धुळवडीला त्याला गंगेवर न्यायचं."

कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात 'तो' म्हणजे माझा धाकटा भाऊ. मालेगावहून मोटारसायकलवर येताना हायवेवर गेला. शिक्षण नुकतंच संपलं होतं, लग्नाचं अजून कुणाच्या मनातही नव्हतं. त्यानंतर बाबांनी घरात त्याचं नाव घ्यायची सोयच ठेवली नाही. कुणी घेतलं की ताटावरून उठायचे. मग आम्हीही सोडून दिलं. आई बोललीच तर 'तो' म्हणायची, मी तेवढंही म्हणत नव्हते.

नाशिकबाहेरच्या माणसाला हे वीराचं प्रकरण समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे घरातला एखादा पोरगा अकाली गेला, लढाईत म्हणा, विहिरीत म्हणा, तर त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत. चांदीच्या लहानशा पत्र्यावर त्याची मूर्ती उठवतात. त्याला टाक म्हणतात, आणि तो टाक देव्हाऱ्यात बाकीच्या देवांच्या रांगेत बसतो. तो त्या घराचा वीर. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, त्याला लाल कापडात गुंडाळून खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचं, वाजतगाजत गोदावरीवर न्यायचं, आम्ही तिला गंगाच म्हणतो, नावाने हाक मारून आंघोळ घालायची आणि नाचवत घरी आणायचं. माझे आजोबा आमचा जुना वीर घेऊन नाचायचे ते मला अंधुक आठवतं. तो वीर कोण होता हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. "आपल्यातलाच कुणी पोरगा," एवढंच सांगायचे.

भाऊ गेला तेव्हा तेराव्याला नातेवाइकांनी टाकाचा विषय काढला आणि बाबा असे भडकले की विचारू नका. "माझं पोर ट्रकखाली गेलं. त्याला देव करून जेवायला बसणार का तुम्ही?" त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक एका फडक्यात बांधले आणि काकाच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या, हातात दिले. गावाला घेऊन जा म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या नाशिक रोडच्या घरात देव नाहीत. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात आधी रेडिओ होता, आता वायफायचा डबा आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहणात जेवायचं नाही असं एखाद्या मुलीने म्हटलं की मी तिला वर्गात उभं करून पृथ्वी-चंद्र काढायला लावते. त्यामुळे आईला मी जे म्हणायचं तेच म्हणाले. "काहीतरीच काय गं! बाबांना जाऊन वर्ष होतंय आणि तू लगेच सुरू झालीस."

"त्यांच्यासाठीच थांबले होते," आई म्हणाली. "आता कशाला थांबू? उद्या मी गेले की त्याला ओळखणारी तू एकटी. तुझ्यानंतर? टाक असला तर कुणीतरी पाणी घालील त्याच्या अंगावर. नाव नाय कळलं तरी घालील."

"फोटो आहे की."

"फोटोला कुणी आंघोळ घालतं का?"

मी रागारागाने ओटा पुसत बसले. पण त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. भिंगातून किरण कसे वाकतात ते फळ्यावर काढायचे आणि मध्येच थांबायचे. पेपर तपासताना एकच उत्तर दोनदा वाचायचे. चीड यायची ती आईची की बाबांची की त्या मेल्या ट्रकवाल्याची, कळत नव्हतं. विश्वास नाही तर नाही म्हणून मोकळी का होत नाहीस, असं स्वतःलाच झापायचे आणि लगेच कुणाला तरी फोन लावायचे. वीर नवा बसवायचा तर काय करतात हो?

कुणालाच सांगता येईना. सोसायटीतल्या एकीने मोबाइलवर बघा म्हटलं. मोबाइलवर डीजे, गर्दी आणि गॉगल लावून नाचणारी पोरं. आईच्या चुलत बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, गंगेवर पुरुष जायचे. आम्ही घरात पुरण वाटत बसायचो. काय करायचे ते कुणी बघितलंय?" म्हणजे ज्यांना माहीत होतं ते गेले, आणि ज्या उरल्या त्यांना कुणी दाराबाहेर येऊ दिलं नव्हतं. वा!

शेवटी एका रविवारी सिन्नरची बस धरली, पुढे जीपमध्ये कोंबून घेतलं आणि काकाच्या दारात जाऊन उभी राहिले. काका थकलाय, पण डोकं साफ आहे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "बरं झालं. लय दिस खटकत व्हतं मला. पण नवा वीर येकटा बसवत नाय. जुन्या वीराच्या मांडीला मांडी लावून बसवत्यात. त्यानं नव्याला घरात घ्याचं आसतं."

"मग द्या की जुना. तुमच्याकडेच तर आहेत सगळे."

काकाने देव्हाऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. मीच उठून देव्हाऱ्यापाशी गेले. टाक होते, पण कोरे, चकचकीत, लग्नाच्या आहेरात आल्यासारखे.

"जुने कुठायत?"

"झिजले व्हते गं. घासून घासून नाक नाय, डोळे नाय. कोन कोन हाय ते वळखाया येईना. मंग गंगेत सोडले आन ह्ये आनले."

"यात वीर कुठाय?"

"दुकानदार म्हनला, शेटमधी येवढेच येत्यात."

मी ओरडले हो त्याच्यावर. अंगणात सून धान्य पाखडत होती, ती थांबली. पिढ्यानपिढ्या सांभाळलेलं माणूस तुम्ही नदीत टाकून दिलंत आणि आणलं काय, तर सेट! काका शांतपणे म्हणाला, "तुझ्या बापानं दिल्यापासून येकदा तरी इचारलं का, देव कसे हायेत म्हनून?"

नव्हतं विचारलं. बाबांनीही नाही, मीही नाही. सुनेने चहा आणला तो प्यायले आणि निघाले.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती रडेल, निदान काकाला चार शिव्या देईल. ती उठली, शिलाई मशीनच्या खणात हात घातला, रिळं बाजूला सारली आणि रुमालात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. टाक होता. काळपट, गुळगुळीत, मधे नुसता उंचवटा.

"वीर आहे," ती म्हणाली. "ह्यांनी देव बांधले तेव्हा मी काढून घेतला."

इतकी वर्षं तो त्या खणात होता. दर धुळवडीला बाबा मित्रांकडे गेले की आई मोरीत पाटावर तो ठेवायची, कोमट पाणी घालायची आणि नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, धाकट्याला नावाने हाक मारायची. टाक जुन्या वीराचा, हाक मुलाची. मी आधी सासरी असायचे, नंतर पुन्हा याच घरात शेजारच्या खोलीत. मला पत्ता नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तुझ्या बापाची ना," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही रिक्षा करून सराफ बाजारात गेलो. जुन्यासारखाच नवा घडवून घ्यायचा, असं आईचं म्हणणं. सोनाराने टाक हातात घेतला, ब्रशने साफ केला, भिंग लावलं, उजेडाकडे फिरवला. मग आईकडे बघून म्हणाला, "आजी, हा वीर नाहीये. ही देवी आहे. हे बघा, चार हात. खाली हा सिंह असावा."

आईने भिंग मागून घेतलं. तिला काय दिसलं कुणास ठाऊक. मला मात्र दिसलं. पुसट, पण हात चारच होते. घाईघाईत फडक्यातून तिने भलताच टाक उचलला होता. खरा वीर काकाकडे गेला, तिथून नदीत.

मला त्या सोनाराचं तोंड दाबावंसं वाटलं. काय अडलं होतं सांगायचं? आई स्टुलावर बसून राहिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, कानातले बघून गेलं.

"म्हणजे त्याला कुणीच आंघोळ घातली नाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, देवीला हाक ऐकू आलीच असेल ना. तिने घेतलं असेल त्याला जवळ."

"मला शहाणपण शिकवू नको," ती एकदम फाडकन म्हणाली. "तुझा इस्वास नाय तर मला कशाला थापा मारतेस?"

बरोबरच होतं. मी हात काढून घेतला. पण तिथे उभ्या उभ्या मला कळून चुकलं की हा टाक आता मलाच हवाय. विश्वास बसला म्हणून नव्हे. ज्या लोकांनी पोरं गेल्यावर फोटो भिंतीला लावून पाठ फिरवली नाही, दरवर्षी नदीवर नेऊन अंग धुतलं, त्यांना काहीतरी कळत होतं. आम्ही तेच बांधून गावाला पाठवून दिलं आणि नंतर एकमेकांकडे बघायचं टाळत जेवत राहिलो.

सोनाराने वीराचा ठसा काढून दाखवला. घोडेस्वार, हातात तलवार.

"घोडा?" आई म्हणाली. "तो घोड्याला भ्यायचा. मामाच्या वरातीत बसवला तर भोकाड पसरलं होतं."

"आजी, वीर म्हटला की घोडा आलाच. सगळ्यांचे असेच असतात."

आईने ठसा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "असू दे मग," ती म्हणाली. "आता शिकला असेल बसायला."

धुळवडीच्या सकाळी काका पहिल्या बसने हजर. नवं धोतर, कपाळाला गुलाल, आणि सोबत गावातला हलगीवाला. मांडीला मांडी लावायला जुना वीर नव्हता, म्हणून नवा टाक देवीशेजारी टेकवला. "चालतंय," काका म्हणाला. चालतंय की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. मग त्याने लाल कापड गुंडाळलं, खोबऱ्याच्या वाटीत टाक बसवला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"मी?"

"बाईमानूस घेत नाय. पर त्याच्या घरचं दुसरं हाय कोन? घे. कोन काय म्हनतंय ते मी बघतो."

घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाट्याच वाट्या, लाल कापडं, हलग्या, भंडारा, कुणी नाचतंय, कुणी रडतंय, कुणी दोन्ही करतंय. एका म्हाताऱ्याने मला अडवून विचारलंच, तुमच्यात पुरुष नाही का कुणी? मी म्हटलं, होता, त्यालाच आणलाय. तो बाजूला झाला. आईचे गुडघे, त्यामुळे ती वरच्या पायरीवरच थांबली. मी साडी खोचून पाण्यात उतरले.

"हाक येऊ दे आता," काका म्हणाला. "हाक मारल्याबिगर पान्यात घालू नको."

हाक आईने मारायची असं ठरलं होतं. मी वर बघितलं. तिने तोंड उघडलं. मोरीत नळ सोडून इतकी वर्षं घेतलेलं नाव तिच्या तोंडून चारचौघांत फुटेना. ओठ हलत होते नुसते. मागून लोक ढकलत होते, आवरा आवरा म्हणत होते.

मग मीच मारली. हळूच मारली.

"मोठ्यानं," काका म्हणाला. "येवढ्या हलग्या वाजत्यात, त्याला कसं ऐकू जाईल?"

मी नाव घेऊन ओरडले. घशातून आवाज आला तो रडका नव्हता, वैतागलेला होता. शाळेला उशीर होतोय आणि हा अजून अंथरुणात, तेव्हाचा. "ऊठ की रे! किती हाका मारायच्या? आंघोळ कर चल!" शेजारी उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघतच राहिली. मी वाटी पाण्यात धरली, ओंजळीने टाकावर पाणी घातलं, पुन्हा घातलं. मान चोळायचा तो नेहमी कंटाळा करायचा, म्हणून बोटाने तिथेही चोळलं.

पायऱ्या चढून वर आले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. आईने वाटीत वाकून पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. काकाला विचारलं नाही, मलाच विचारलं.

"आला का गं?"

"आला," मी म्हणाले.