केळी बंद, खिडकी उघडी

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ही बाई अडाणी असावी. अडाणी असते तर निदान ती सबब तरी मिळाली असती.

गणपती गेले की मला शिंका सुरू व्हायच्या. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस, त्याही अशा की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की म्हणायची, "आज उशिरा उठलात वाटतं." नाकातून नुसतं पाणी गळायचं, डोळे चोळून लाल व्हायचे, टाळूला आतून खाज सुटायची. दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत हे सगळं आपोआप थांबायचं. थांबायच्या वेळी जे औषध चालू असेल त्याचा मला गुण आला, असं मी दरवर्षी सगळ्यांना सांगायचे.

निदान करायला माणसांची कमी नव्हती. नवऱ्याच्या मते मी फ्रिजचं पाणी पिते म्हणून. मुख्याध्यापक तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, सहामाहीचे पेपर तपासायचे दिवस आले की तुमचं बरोबर सुरू होतं." ते हसले, म्हणून बाकीचेही हसले. मनवेलपाड्यातले आमचे डॉक्टर माझ्या छातीला नळी लावायच्या आधीच अँटिबायोटिक लिहायचे आणि वर सांगायचे, "सकाळी मोकळ्या हवेत फिरा. खिडक्या उघड्या ठेवून झोपा. तुम्हा लोकांना हवाच मिळत नाही."

मी हवा घेतली. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. पावसाळा संपताना तिथे कमरेएवढं गवत वाढतं. त्याच्या कडेकडेने मी रोज सकाळी अर्धा तास चालायचे, शिंकत शिंकत, आणि रात्री त्याच प्लॉटकडची खिडकी सताड उघडी टाकून झोपायचे.

शेवटी एका सहशिक्षिकेने गोखिवऱ्याचा पत्ता दिला. तिच्या नणंदेची अंगावरची खरूज तिथे बरी झाली होती. गाळ्यांच्या रांगेत पहिल्या मजल्यावर दवाखाना होता, बाहेर मोठा बोर्ड : अ‍ॅलर्जी स्पेशलिस्ट. पांढऱ्या कोटातल्या माणसाने मला काही विचारलं नाही. माझ्या हातात पितळेचा एक दांडा दिला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. पडद्यावर लाल-हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या.

"तुमच्या शरीराची लहर वाचतोय," तो म्हणाला. "प्रत्येक अन्नाची एक लहर असते. जुळली नाही की शरीर नकार देतं."

लहर! तरंगलांबी आणि वारंवारता यांची गणितं मी दरवर्षी मुलांकडून घोटून घेते. मुलाने चुकीचं एकक लिहिलं तर मार्क कापते. आणि त्या माणसासमोर मी दांडा घट्ट धरून मान डोलावत बसले होते.

प्रिंटरमधून यादी आली. गहू, दूध, वांगं, चिंच, कोळंबी, नारळ आणि केळं. सगळं बंद. सोबत कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या.

"यांचं नाव काय?" मी विचारलं.

"आपलं स्वतःचं फॉर्म्युलेशन आहे," तो अभिमानाने म्हणाला.

त्या गोळ्यांनी आठ दिवसांत शिंका थांबल्या. भूक मात्र राक्षसासारखी वाढली, चेहरा गोल झाला. नवरा म्हणाला, तब्येत सुधारली. मीही तसंच समजले. गोळ्या संपल्या तोवर दिवाळीही होऊन गेली होती. मुगाची खिचडी, भाकरी आणि दुधीभोपळा यांवर मी वर्ष काढलं, आणि भेटेल त्याला त्या मशीनची शिफारस केली.

माझं माहेर वसईकडच्या नंदाखालचं. वडिलांची केळीची बाग आहे, कडेने नारळ. दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे ओटीवर माझ्यासाठी केळ्यांची फणी काढून ठेवली होती.

"मला केळी बंद आहेत," मी म्हटलं.

"कोणी केली?"

"मशीनवर टेस्ट केली, बाबा. नारळही बंद आहे."

त्यांनी फणी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "बाय, तू लहान असताना भाताला तोंड लावायची नाहीस. केळं कुस्करून दिलं की खायचीस. तेव्हा नाही बाधलं?"

यावर मी वर्गातला आवाज काढला. अ‍ॅलर्जी कुठल्याही वयात होऊ शकते, तुम्हाला त्यातलं कळत नाही, असं त्यांना समजावून सांगितलं. ज्या माणसाने साठ वर्षं केळी लावली, त्याला मी त्याच्याच ओटीवर बसून हे सांगितलं. त्यांनी फणी उचलून आत ठेवली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे काही पाठवलं नाही. उन्हात वाळवलेली सुकेळीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी गणपती गेले आणि शिंका परत आल्या. खिचडीवर असूनही. मी आमच्या नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात गोळी मागायला गेले, तर दुकानदार पट्टी कापता कापता म्हणाला, "टीचर, तुम्ही दरवर्षी याच दिवसांत येता."

मी त्याला मशीनची आणि यादीची हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण केळी तर बारा महिने मिळतात ना? मग शिंका दोनच महिने का?"

त्या माणसाने दोन वाक्यांत जे केलं, त्याला आमच्या पुस्तकात निरीक्षण आणि अनुमान म्हणतात. मी ते फळ्यावर लिहून देते.

"त्या दवाखान्याच्या बोर्डावरची डिग्री वाचलीत का?" त्याने विचारलं. मी वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन वाचली. इंग्रजी अक्षरांची दीड ओळ होती. घरी येऊन एकेक शोधली. एकही वैद्यकीय पदवी नव्हती.

मग मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात बघून सांगितलं की हाड वगैरे ठीक आहे, हे अ‍ॅलर्जीचं दिसतंय, आणि वसईला आठवड्यातून दोन दिवस बसणाऱ्या एका अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

या बाईंकडे मशीन नव्हतं. त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. कुठल्या महिन्यात? दिवसाच्या कुठल्या वेळी? गावी गेल्यावर कमी होतं का? जोराचा पाऊस पडल्यावर?

"पाऊस पडला की बरं वाटतं," मी म्हटलं.

"खिडकीखाली काय आहे?"

"रिकामा प्लॉट. गवत आहे."

त्यांनी मान वर केली. "आणि सकाळी फिरायला कुठे जाता?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पुडीतल्या गोळ्यांचं वर्णन ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा कठोर झाला. "स्टेरॉइड असावं. चेहरा त्यानेच सुजतो," एवढंच म्हणाल्या.

तपासणीआधी आठवडाभर शिंकांच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या. तो आठवडा मी कसा काढला, ते माझा नववीचा वर्ग सांगेल. मग बाईंनी माझ्या हातावर पेनाने खुणा करून थेंबांच्या रांगा ठेवल्या, प्रत्येक थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत गवताच्या दोन खुणांवर टपोऱ्या गांध्या उठल्या. धुळीच्या खुणेवर एक लहानशी. बाकी हात स्वच्छ.

"केळ्याचीही करा ना," मी म्हटलं.

"केळं खाल्ल्यावर तुम्हाला कधी काही झालंय?"

"नाही."

"मग कशाला? खा." मग त्यांनी सांगितलं, "तुम्हाला गवताचे पराग बाधतात. याला इंग्रजीत 'हे-फीवर' म्हणतात, म्हणजे गवताचा ताप."

"पण मला ताप कधीच आला नाही."

"येतही नाही. नाव चुकीचं आहे, दुखणं खरं आहे."

वाऱ्याने होणारं परागण मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. गवताच्या फुलाची आकृती काढायची, बाहेर लोंबणारे परागकोश दाखवायचे, हलके पराग दूरवर उडतात म्हणून सांगायचं, आणि मध्येच तोंड फिरवून रुमालात शिंकायचं. वर्गातल्या एकाही पोराला शंका आली नाही, म्हणजे मी त्यांना चांगलंच तयार केलं होतं.

आता गवत फुलायच्या आधीपासून रोज नाकात स्प्रे मारते. त्या दिवसांत सकाळी खिडकी बंद असते, फिरणं संध्याकाळी. शिंका संपल्या नाहीत, पण चार-पाचांवर आल्या. पुरेसं नाही पडलं तर इंजेक्शनांचा लांब पल्ल्याचा उपचार आहे, असं बाईंनी सांगून ठेवलंय. नंदाखालला जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसण्यावारी नेतील. "बरं झालं," म्हणाले आणि बागेत पाणी सोडायला निघून गेले. त्यांच्या मागे जायचं धैर्य मला झालं नाही.

गोखिवऱ्याला मी एकदा परत गेले, भांडायच्या तयारीने. आत गर्दी होती. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे गाल त्याच गोळ्यांनी फुगले होते, मी ओळखले. मी त्या बाईला हळू आवाजात सगळं सांगितलं : डिग्री, पुडी, लहर. तिने मुलीला स्वतःकडे ओढून घेतलं.

"आम्हाला इथे फरक पडलाय," ती म्हणाली. "तुम्हाला नसेल पडला."

तेवढ्यात पांढरा कोट बाहेर आला आणि मला बघून प्रेमाने म्हणाला, "मॅडम, तुमचा कोर्स अर्धवट राहिला होता."

बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्स अर्धवट सोडणाऱ्या बाईकडे मीही गेल्या वर्षी तसंच पाहिलं असतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, त्याला तू डॉक्टर नाहीस असं मोठ्याने सांगितलं. कुणी उठलं नाही. त्याने पुढचा नंबर पुकारला आणि ती बाई मुलीला घेऊन आत गेली.