एकच चष्मा

परवा नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका गॅरेजबाहेर 'मुलींच्या हाती पाना द्या' ही आमच्या संस्थेची पत्रकं वाटत होते. आतून एसीच्या तेलाचा गोडसर वास आला आणि मी मनाने थेट शाळेच्या वयातल्या, नाशिकरोडच्या आमच्या अंगणात पोचले.

बाबा जुन्या गाडीच्या एसीचा पाइप बदलत होते. गॅस गॅरेजच्या मशीनने आधीच काढून घेतला होता. "तरी थोडा उरतोच. डोळ्यांत उडाला तर डोळा गोठतो," म्हणत त्यांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या ड्यूटीवरचा सुरक्षा-चष्मा माझ्याच वयाच्या चुलतभावाला, सागरला चढवला.

"बाबा, मी धरते ना पाइप!"

"तू लांब हो. ओढणी अडकेल."

"तायडे, तू चहा टाक," सागर चष्म्याआडून हसला.

नट सैल होताच फुस्स आवाज आला. सागरने नव्या रबरी रिंगवर तेलाचं बोट फिरवलं. पायरीवर बसून मी जळत होते. त्या बोटाचा हेवा मला अजून वाटतो.

चष्मा एकच होता, बाबांचे स्वतःचे डोळे उघडेच होते, हे आता लक्षात येतं. माया होतीच. "तुला सांभाळलं गं त्यांनी," आई आजही म्हणते.

सांभाळायचंच होतं, तर दुसरा चष्मा आणायचा होता.