पंचकार्डं पाडणारा माणूस

सोलापूरच्या एका रुग्णालयात, माझ्या भावाशेजारच्या खाटेवर, मी त्यांना एकदाच पाहिलं. कुंभारीचे, साठीतले. चादरीवर कुठली नक्षी उठवायची हे मागाला सांगणारी, भोकाभोकांची पंचकार्डं पाडण्यात त्यांची हयात गेली होती. बोलताना ते खाटेवरच्या चादरीचं फूल अंगठ्यानं चाचपत.

नव्या औषधाच्या पहिल्या डोसनंतर त्यांना ताप आला होता आणि कॅन्सरची गाठ होती तेवढीच होती. दुसरा डोस घ्यायचा की नाही, हे त्यांनाच ठरवायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी लढणाऱ्याच आहेत. गाठ त्यांना थांबायचा संदेश देते. हे औषध तो संदेश अडवतं."

"म्हंजे सूत चांगलं हाय, कार्ड चुकीचं लागलंय."

"अवो, चादर न्हाय ही, अंग हाय तुमचं," त्यांची बायको म्हणाली. "चला घरी. काय फरक पडला?"

"कार्ड बदलल्या बदलल्या फूल दिसतंय व्हय? हातभर विणावं लागतंय की. मधीच माग बंद केला तर कळणार कसं?"

पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. नर्स आली तेव्हा त्यांनी बाही आधीच वर सारली होती.